दोन रकान्यांची यादी

सोलापूरच्या पूर्व भागात एका बाईंचं दोन खोल्यांचं काम आहे. बाहेरच्या खोलीत स्कॅनर आणि तीन संगणक, आतल्या खोलीत हार्ड डिस्कचं कपाट आणि कपाटाशेजारी एक लोखंडी पेटी. पेटीत जकार्डची जुनी कार्डं आहेत. जाड पुठ्ठ्याच्या, भोकं पाडलेल्या लांबट पट्ट्या, दोऱ्यानं एकमेकींना जोडून साखळी केलेल्या. प्रत्येक पट्टीच्या टोकाला शाईनं एक आकडा घातलेला आहे. त्यातले काही आकडे त्यांनी स्वतः, शाळेच्या सुट्टीत वडिलांच्या शेजारी बसून घातले होते.

वडील चादरीच्या कारखान्यात डिझाइनचं काम करायचे. आधी चौकटीच्या कागदावर, म्हणजे ग्राफवर नक्षी उतरायची. मग ग्राफच्या एकेका आडव्या ओळीचं एकेक कार्ड पंच व्हायचं. एक कार्ड म्हणजे कापडातला एक बाणा, एक आडवा धागा. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जायचा, नसेल तिथे खालीच राहायचा. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकार्डनं १८०४च्या सुमारास बसवलेली ही युक्ती सोलापुरी चादरीवरच्या मोरापर्यंत पोचली होती. एका नक्षीला कार्डं शेकड्यांनी लागत. दोन कार्डांची अदलाबदल झाली की मोराच्या मानेवर आडवी चीर पडायची, आणि ती माग चालू होऊन कापड विणलं गेल्यावरच दिसायची. म्हणून वडिलांचा नियम होता की आकडा आधी घालायचा, कार्डं नंतर जोडायची.

पुढे नक्षी संगणकावर आली, कार्डांच्या जागी फ्लॉपी आली, मग पेन ड्राइव्ह. त्यांनी डिझाइनच्या फाइली सांभाळण्यापासून सुरुवात केली. नंतर टॉवेल-चादरींच्या कॅटलॉगचे फोटो, लग्नाचे अल्बम, संस्थांची जुनी दप्तरं स्कॅन करून दूरच्या सर्व्हरवर चढवणं, असं काम वाढत गेलं. वीस वर्षांहून जास्त काळ त्या हेच करतात: हजारो फाइली एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं आणि नेताना त्यांची नावं लावणं. ‘त्यात काय, कॉपी-पेस्ट तर आहे,’ असं त्यांना अनेकांनी ऐकवलं आहे. दहा फाइलींसाठी ते खरंही आहे. चाळीस हजार फाइली असल्या की तो वेगळाच धंदा होतो.

चाळीस हजारांचं ते काम २०१७चं. टॉवेलच्या एका निर्यातदाराला परदेशातल्या ग्राहकाच्या सर्व्हरवर सगळे फोटो चढवून हवे होते. एकूण आकार साधारण ६० गीगाबाइट. त्यांनी कागदावर हिशोब केला. लाइनचा वर चढवायचा वेग सेकंदाला १० मेगाबिट, म्हणजे सव्वा मेगाबाइट. ६० गीगाबाइटला ४८,००० सेकंद, म्हणजे तेरा तास वीस मिनिटं. संध्याकाळी लावलं की सकाळी चहाच्या वेळेपर्यंत आटोपेल. प्रत्यक्षात सकाळी पाहिलं तर निम्मंच काम झालं होतं. लाइन चांगली होती, वीज गेली नव्हती. वेळ खाल्ला होता तो फाइलींच्या संख्येनं.

ग्राहकानं एफटीपी वापरायला सांगितलं होतं. त्या पद्धतीत प्रत्येक फाइलसाठी वेगळी जोडणी उघडते. ‘ही फाइल येतेय’, ‘पाठवा’, ‘पोचली का’, ‘पोचली’ असा निरोपांचा व्यवहार दर फाइलमागे होतो. सोलापुरातून समुद्रापार निरोप जाऊन उत्तर यायला पाव सेकंदाच्या आतबाहेर वेळ लागतो. एका फाइलमागे अशा तीन फेऱ्या आणि फेरीमागे सेकंदाचा पाचवा भाग धरला, तर चाळीस हजार फाइलींमागे सहा तास चाळीस मिनिटं नुसत्या वाट पाहण्यात जातात. तेवढ्या वेळात एक अक्षरही पुढे सरकत नाही. दीड मेगाबाइटच्या चाळीस हजार फाइली आणि ६० गीगाबाइटची एकच फाइल, वजन सारखं असलं तरी प्रवास सारखा होत नाही, हे त्या दिवशी त्यांना उमगलं.

चादरी कोणी एकेक करून परगावी पाठवत नाही, गठ्ठे बांधतात. फाइलींचाही गठ्ठा बांधता येतो. टार नावाची आज्ञा युनिक्समध्ये १९७९पासून आहे. ती मुळात चुंबकीय टेपवर साठवणीसाठी लिहिलेली. हजारो फाइली ती एका सलग प्रवाहात बांधते, आणि तो प्रवाह एसएसएच नावाच्या सुरक्षित पद्धतीच्या एकाच जोडणीतून पलीकडे सोडला की तिकडे गठ्ठा आपोआप सुटत जातो. मधे कुठे साठवण्यासाठी वेगळी जागाही लागत नाही. दुसरा उपाय म्हणजे चार-पाच जोडण्या एकदम चालू ठेवणं: एक उत्तराची वाट पाहत असताना दुसरी माल पाठवत राहते. लाइनच भरलेली असेल तर या दुसऱ्या उपायाचा काही फायदा नाही. वेळ वाट पाहण्यात जात असेल तरच तो लागू पडतो. आधी दुखणं ओळखायचं, मग औषध, असं त्या मुलांना सांगतात. त्यांच्याकडे कामाला असलेली दोन्ही मुलं त्यांना अक्का म्हणतात.

गठ्ठ्यालाही एक मर्यादा आहे. वाटेत लाइन तुटली की प्रवाह तिथेच संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. भारनियमनाची वर्षं ज्यांनी सोलापुरात काढली आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. चाळीस टक्क्यांवर वीज जाणार, परत आल्यावर शून्यापासून, पुन्हा चाळीसवर जाणार. यावर उपाय म्हणून त्यांना आरसिंक भेटलं.

हे साधन अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस या दोघांनी ऑस्ट्रेलियात लिहिलं आणि १९९६मध्ये खुलं केलं. ते आधी दोन्ही बाजूंची यादी ताडून पाहतं. फाइलचा आकार आणि बदलाची वेळ दोन्हीकडे सारखी असेल तर ती फाइल सोडून पुढे जातं. फाइल थोडी बदललेली असेल तर पलीकडची बाजू आपल्याकडच्या जुन्या फाइलचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा ताळा, म्हणजे मजकुरावरून काढलेली एक छोटी खूण, पाठवते. अलीकडची बाजू नव्या फाइलमध्ये त्या ताळ्याचे तुकडे शोधते आणि जे सापडत नाहीत तेवढेच पाठवते. वीज गेली, आली, तीच आज्ञा पुन्हा द्यायची. पोचलेल्या फाइलींना हात न लावता काम पुढे चालू होतं. अर्धवट राहिलेली फाइलही टाकून न देता पुढे न्यायची सोय त्यात आहे, फक्त ती सांगून चालू करावी लागते. तेव्हापासून त्यांचा शिरस्ता असा आहे: पहिली मोठी खेप गठ्ठा बांधून, गठ्ठ्याचे एकेक गीगाबाइटचे तुकडे करून, त्यानंतरचं सगळं आरसिंकनं.

आणि खेप फारच मोठी असेल तर सिद्धेश्वर एक्स्प्रेस. एक टेराबाइट माल त्याच १० मेगाबिटच्या लाइनवरून चढवायला नऊ दिवसांहून जास्त लागतात. हार्ड डिस्क पिशवीत घालून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी मुंबई. यात कमीपणा काही नाही. ॲमेझॉननंही २०१५मध्ये ग्राहकांच्या दारात पाठवायची एक साठवणपेटी काढली. ती भरून कुरिअरनं परत धाडायची. मोठमोठ्या कंपन्या असाच माल हलवतात.

इथपर्यंतचं सगळं वेगाबद्दल झालं. पण त्यांचा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा ज्यात गेला, ती गोष्ट नावांची आहे.

एका संस्थेच्या जुन्या अंकांची पानं त्यांनी स्कॅन केली होती. अठरा हजारांच्या आसपास पानं, तीन रात्री लावून सर्व्हरवर चढवली. चौथ्या दिवशी संस्थेच्या चिटणिसांनी पाहिलं आणि म्हणाले, “ताई, पानं उलटसुलट लागलीत. एकनंतर दहा, मग अकरा, आणि दोन कुठंतरी खाली.” संगणक नावं अक्षर म्हणून लावतो, त्याच्या लेखी ‘१०’ची सुरुवात ‘१’नं होते म्हणून ते ‘२’च्या आधी. उपाय सोपा आहे, ०००१, ०००२, ००१० असे पुढे शून्य लावून आकडे समान रुंदीचे करायचे. त्यांनी ते आपल्या संगणकावर पाच मिनिटांत केलं आणि आरसिंक लावलं. त्यांची समजूत अशी की आता फक्त नावं बदलतील. आरसिंकच्या दृष्टीनं मात्र त्या अठरा हजार नव्याच फाइली होत्या. त्या नावाचं पलीकडे काहीच नव्हतं, म्हणून त्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून चढवायला घेतलं. दुसऱ्या रात्री पलीकडची जागा भरली. जुन्या नावांच्या अठरा हजार तिथेच होत्या आणि नव्या नावांच्या नऊ-दहा हजार त्यात येऊन बसल्या होत्या.

त्या रात्री त्यांनी काम थांबवलं आणि नाव म्हणजे नेमकं काय याचा विचार केला. डिस्कवर मजकूर एका जागी असतो आणि फोल्डर ही एक नोंदवही असते: या नावाचा मजकूर अमुक ठिकाणी. नाव बदललं की वहीतली ओळ बदलते, मजकूर जागचा हलत नाही. एकाच डिस्कवर लाखभर फाइलींची नावं बदलायला म्हणूनच फारसा वेळ लागत नाही. मग सोलापूरहून मजकूर पुन्हा पाठवायचं कारणच काय? बदलाची यादी पाठवली की झालं. त्यांनी दोन रकाने केले, डावीकडे जुनं नाव, उजवीकडे नवं. त्या यादीवरून आज्ञांची एक छोटी फाइल बनवली, सर्व्हरवर जाऊन तिथल्या तिथे चालवली. अठरा हजार नावं मिनिटाभरात बदलली. त्यानंतर आरसिंक लावलं तेव्हा त्याला पाठवायला काही उरलंच नव्हतं.

त्या दिवसापासून दोन रकान्यांच्या यादीशिवाय त्यांनी एकही काम घेतलेलं नाही. नाव बदलायचं ते थेट फाइलवर नाही, आधी यादीत. यादी डोळ्यांखालून घालायची, गिऱ्हाइकाला दाखवायची, मग ती अलीकडे-पलीकडे सारखीच चालवायची. चुकलं तर रकाने उलटे करून चालवले की सगळं पूर्ववत.

यादी तपासायचीही एक रीत आहे. उजव्या रकान्यात एकच नाव दोनदा आलंय का, हे सगळ्यात आधी पाहायचं. लिनक्सवर नाव बदलायची नेहमीची आज्ञा त्या नावाची फाइल आधीच असेल तर काही न विचारता तिच्यावर दुसरी ठेवते. जुनी कायमची जाते. लग्नाच्या कामात हे हमखास होतं. दोन फोटोग्राफर, दोन सारखे कॅमेरे. दोघांकडेही डीएससी ०१२३ आहे. शिवाय कॅमेऱ्याचा मोजणीचा आकडा चारच अंकी, ९९९९ झाले की पुन्हा ०००१. एका मोठ्या लग्नात हळदीचा फोटो आणि पाठवणीचा फोटो एकाच नावाचे निघाले होते. वेळेवर लक्षात आलं ते यादीमुळे. आता फोटोच्या पोटात कॅमेऱ्यानंच लिहिलेली तारीख-वेळ वाचून त्या नाव देतात आणि पुढे कॅमेऱ्याचं अक्षर जोडतात. ही माहिती वाचणारं एक्झिफटूल फुकट मिळतं.

दुसरी फसगत साखळीची. १चं २ करायचं, २चं ३, ३चं ४. वरून सुरुवात केली की पहिल्याच पावलाला मूळची २ नाहीशी होते आणि शेवटी हातात एकच फाइल राहते. यावर त्यांनी शोधलेला मार्ग त्या सगळ्यांना सांगतात: मूळ फोल्डरला हातच लावू नका. शेजारी रिकामा फोल्डर घ्या आणि त्यात नव्या नावांच्या नुसत्या कड्या तयार करा. हार्ड लिंक म्हणतात त्यांना. एकाच मजकुराला दुसरं नाव. दोन्ही फोल्डर एकाच डिस्कवर असले की जागा जवळजवळ लागत नाही, मूळ नावं शाबूत राहतात, आणि पाठवायचा तो नवा फोल्डर. चुकला तर फेकून द्या, पुन्हा बनवा.

सोलापुरात चार भाषा बोलल्या जातात. त्यांच्या घरी तेलुगू, गिऱ्हाइकांशी मराठी, निम्म्या दप्तरांवर कन्नड नावं, काहींवर उर्दू. फाइलींना आपल्या लिपीत नाव द्यावं ही माणसाची साधी इच्छा आहे आणि त्यांना ती कधी चुकीची वाटली नाही. पण एका अल्बमनं त्यांना आठवडाभर छळलं. फोल्डर दोन: ‘नवरीकडचे’ आणि ‘नवऱ्याकडचे’. पहिल्यांदा विंडोजच्या संगणकावरून चढवले. नंतर फोटो सुधारणाऱ्यानं आपल्या मॅकवरून दुरुस्त फोटो पाठवले, तेव्हा सर्व्हरवर ‘नवरीकडचे’ एकच राहिला आणि ‘नवऱ्याकडचे’ मात्र दोन झाले. डोळ्यांना दोन्ही नावं हुबेहूब सारखी. एक पुसलं, पुन्हा पाठवलं, पुन्हा दोन.

घोळ त्या ‘ऱ’चा होता. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारांनी लिहिता येतं: एक अखंड ‘ऱ’, नाहीतर ‘र’ आणि त्याखाली वेगळा नुक्ता. युनिकोडच्या नियमानं दोन्ही समान मानायची. मॅकची तेव्हाची साठवणपद्धत नावं फोडून लिहायची, विंडोज जशी टंकली तशी ठेवायचं, आणि लिनक्स सर्व्हर बाइट मोजणारा, त्याच्या दृष्टीनं ती दोन वेगळी नावं. ‘नवरी’त असं फुटणारं अक्षर नाही, म्हणून तो फोल्डर सुखरूप राहिला. तिसरा प्रकारही आहे: साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह वापरून तेच ‘ऱ्य’ उमटवता येतं. त्या प्रकाराला युनिकोडही समान मानत नाही. किनाऱ्याचा, दुसऱ्या, गोऱ्या, वाऱ्यावर, मराठीत असे शब्द पावलोपावली येतात, त्यामुळे ही अडचण हिंदीवाल्यांपेक्षा आपल्याला जास्त. आता त्या पाठवण्याआधी यादीतली सगळी नावं एकाच रूपात आणून घेतात. मॅकवरच्या आरसिंकला नावाचं रूपांतर करत पाठव असंही सांगता येतं.

लांबीचंही तसंच. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल व्यवस्थेत एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे ८५ चिन्हं. ती पुष्कळ वाटतात, पण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘सोलापूर’ म्हणजे सात चिन्हं, २१ बाइट. जुन्या लेखांचे लांबलचक मथळे त्यात बसत नाहीत आणि फाइल मुकाट्यानं मागे राहते. जमिनीच्या कागदांत वेगळीच अडचण येते: गट नंबर ४५/२ यातली तिरकी रेघ नावात चालतच नाही, कारण संगणक तिला फोल्डरची हद्द समजतो.

शेवटी त्यांनी तोडगा काढला तो असा. फाइलचं नाव साधं, आखूड, इंग्रजी छोट्या लिपीतल्या अक्षरांचं आणि इंग्रजी आकड्यांचं. आणि यादीला तिसरा रकाना: त्यात पूर्ण नाव, त्या त्या भाषेत, काहीही न कापता. एका वयस्कर विश्वस्तांना हे आवडलं नव्हतं. आमच्या ग्रंथाला मराठीत नाव नको का, असं त्यांनी विचारलं. तिसऱ्या रकान्यात मथळा, लेखक, काळ हे सगळं शुद्ध मराठीत, जोडाक्षरांसकट पाहिल्यावर त्यांनी स्वतः बसून त्यातल्या चाळीसेक चुका दुरुस्त करून दिल्या.

तारखेचा धडा त्यांना सगळ्यात खोल लागला. सोलापूरच्या स्वातंत्र्यलढ्याशी संबंधित कात्रणांचा एक संग्रह स्कॅन करायला आला होता. १९३०च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला. त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसचं नाव या चौघांच्या स्मरणार्थ आहे. शहरातल्या कुणालाही ही तारीख सांगावी लागत नाही. नावांची यादी भरणाऱ्या मुलानं ती तक्त्यात १२/१/१९३१ अशी लिहिली. त्याच्या संगणकाची मांडणी अमेरिकी होती, आधी महिना आणि मग दिवस. तक्त्यानं ती १ डिसेंबर समजून घेतली. त्या रकान्यावरून नावं तयार झाली आणि बारा जानेवारीची कात्रणं वर्षअखेरीला जाऊन बसली. चूक पाठवण्याआधी सापडली. त्यांनी ती यादी संपूर्ण फाडून नव्यानं करायला लावली, कारण एक तारीख उलटली असेल तर बाराच्या आतल्या सगळ्याच उलटल्या असणार. आता तारीख एकाच पद्धतीनं: वर्ष, महिना, दिवस, १९३१-०१-१२. यात गोंधळ नाही, आणि नावं क्रमानं लावली की काळाचा क्रम आपोआप लागतो. तक्त्याला तो रकाना तारीख म्हणून वाचूच द्यायचा नाही, निव्वळ मजकूर म्हणून ठेवायचा.

एक चूक मात्र पाठवल्यानंतरची आहे. आरसिंकला असं सांगता येतं की अलीकडे जे नाही ते पलीकडूनही काढून टाक. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या ठेवायला ही सोय उपयोगी. एका संध्याकाळी ही आज्ञा आपोआप सुरू झाली तेव्हा बाहेरची हार्ड डिस्क कुणीतरी काढून नेली होती. तिच्या जागी उरलेला फोल्डर रिकामा. आरसिंकनं सांगितलं तसंच केलं: अलीकडे काही नाही, म्हणून पलीकडचंही सगळं काढलं. डिस्कवरचं काम डिस्कवर सुरक्षित होतं. पण जागा मोकळी करायला आधी स्कॅन केलेल्या अकरा वह्यांची पानं डिस्कवरून काढलेली होती. ती फक्त सर्व्हरवरच होती. वह्या मालकांकडे होत्या, म्हणून पुन्हा स्कॅन करता आल्या. दीड महिन्याचं काम त्यांनी स्वतःच्या खर्चानं पुन्हा केलं आणि मालकांना जाऊन खरं काय ते सांगितलं. वह्या परत देताना त्यांतल्या एकीची पानं पहिल्यापेक्षा जास्त ठिसूळ झाली होती. ती गोष्ट त्यांना अजून लागते.

तेव्हापासून काढून टाकण्याची आज्ञा आपोआप चालवायची नाही. कोणतीही मोठी आज्ञा आधी कोरडी चालवायची. आरसिंकमध्ये तशी सोय आहे, काय काय करणार ते नुसतं छापून दाखवतं, करत काहीच नाही. ती यादी वाचायचा कंटाळा आला तर काम उद्यावर टाकायचं. एकमेव प्रत असलेली कुठलीच गोष्ट जागेसाठी पुसायची नाही.

पोचलं म्हणजे काय, हेही त्या अशाच एका अनुभवातून शिकल्या. अलीकडे मोजल्या तेवढ्याच फाइली पलीकडे भरल्या, काम सोपवलं, बिल झालं. महिन्यानं फोन आला: काही पानं उघडत नाहीत. पलीकडची डिस्क मधेच भरली होती आणि शेवटच्या ३७ फाइली नावानं हजर, आत शून्य बाइट. संख्या जुळली म्हणून त्यांनी पुढे पाहिलं नव्हतं. शाळेत गुणाकार झाला की गुरुजी नवाचा ताळा करायला लावत. उत्तर बरोबर दिसलं तरी ताळा जुळल्याशिवाय वही पुढे जात नसे. फाइलींचा ताळा असतो तो असाच. शा-२५६ या रीतीनं प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून ६४ चिन्हांची एक ओळ तयार होते. मजकुरात एक अक्षर बदललं तरी ती ओळ पार बदलते. पाठवण्याआधी अलीकडे ताळा काढायचा, पोचल्यावर पलीकडे, आणि दोन्ही याद्या एकमेकींशी लावून पाहायच्या. त्यांच्या यादीचा हा चौथा रकाना. नाव बदललं तरी ताळा बदलत नाही, म्हणून जुन्या-नव्या नावांच्या घोळातही कुठली फाइल कुठली हे त्यावरून ओळखता येतं. अठरा हजार पानांचे ताळे काढायला संगणकाला काही तास लागतात. ते तास त्या आता कामाच्या बोलीतच धरतात.

गेल्या वर्षी त्यांच्याकडे बंद पडलेल्या एका कारखान्याचे हातानं रंगवलेले ग्राफ आले. चादरींचे, टॉवेलांचे, काहींच्या कडेला पेन्सिलीनं रंगांची नावं, काहींवर चहाचे डाग. एकूण ६,४१२ ताव. नावं आधी ठरली, यादी आधी झाली, तिसऱ्या रकान्यात नक्षीचं नाव जसं ग्राफवर होतं तसं लिहिलं: मोर, कमळ, चौकडी. नक्षीच्या फाइली बिनदाबाच्या असल्यामुळे वाटेत दाबून पाठवल्या आणि वेळ बराच वाचला. फोटोंच्या जेपेग फाइलींना त्याचा उपयोग होत नाही, त्या आधीच दाबलेल्या असतात. दोन खेपांत सगळं पोचलं. चौथा रकाना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जुळला. यादी छापून ग्राफच्याच पेटीत ठेवली आहे.

त्या यादीत १९ ओळींचा तिसरा रकाना कोरा आहे. त्या ग्राफवर नाव नाही आणि ज्यांनी ते काढले त्यांच्यापैकी कुणी सापडलं नाही. पूर्व भागात अजून जुने डिझाइनवाले आहेत. त्यांनी येऊन पाहावं आणि नक्षी ओळखू आली तर नाव सांगावं, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. लिहायला जागा सोडलेली आहे.